अप्पांसाठी कुणी काय सोडलं

माझे सासरे परगावचं लग्न जेवून आले, की नवरी काळी होती का गोरी हे त्यांना सांगता यायचं नाही. वांग्याच्या भाजीत तीळ भाजून घातले होते की कच्चेच, हे मात्र पुढची कैक वर्षं सांगायचे. सगळं घर त्यांना अप्पा म्हणायचं, मीही म्हणायची. भालकीच्या अलीकडं आमचं गाव. थोडी शेती, थोडा तुरीचा व्यापार. तूर घेऊन गुलबर्ग्याला गेले, की परत आल्यावर तिथं काय खाल्लं याची हकिगत आधी, आणि तुरीचा भाव मागनं, तोही विचारला तर.

मी अफजलपूरकडची, भीमेच्या काठची. तिकडच्या बायांची जीभ तिखट आणि हातही तिखट, असं म्हणतात. माझ्या जिभेबद्दल सासरी सगळेच बोलले. हाताबद्दल चांगलं बोलणारे एकटे अप्पा. त्यामुळं मला ते आवडायचे, हे आधीच सांगून टाकते.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घर होतं अक्कांच्या ताब्यात. अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. कोवळ्या वयातच नवरा गेला आणि त्या भावाच्या घरी आल्या, त्या तिथंच राहिल्या. माझ्या स्वयंपाकाला त्यांनी कधी बरं म्हटलं नाही. भाजी चांगली झाली, की "आज बिघडली न्हाई" म्हणायच्या. तेवढ्यावर मी समाधान मानायला शिकले होते, म्हणजे शिकले नव्हते, भांडी आपटायची.

पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. निजाम गेला होता, पण कचेरीतली उर्दू अजून जायची होती. अशात एक दिवस अप्पांनी ताटात अर्धी भाकरी टाकली. दुसऱ्या कुणी टाकली असती तर मी चार शब्द सुनावले असते. अप्पांनी टाकली म्हटल्यावर सगळं घर ताटाभोवती गोळा झालं. मग उलट्या, मग पोटात दुखणं, मग अंगावरचं मांस उतरायला लागलं. माझा नवरा त्यांना रेल्वेनं हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टरनं सगळं बघून नवऱ्याला उर्दूत सांगितलं, की पोटात कॅन्सर आहे, फार पसरलाय, आता घरी न्या आणि जे खावंसं वाटेल ते खाऊ घाला. नवऱ्यानं घरी येऊन आम्हा सगळ्यांना आतल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि बजावलं, "अप्पाला कळू द्यायचं न्हाई. विचारलं तर गॅस झालाय म्हणून सांगायचं."

मी विचारलं, "डॉक्टर बोलत होता तवा अप्पा कुठं होते?"

"माझ्याशेजारीच की."

आता माझ्या नवऱ्याची उर्दू म्हणजे तिकीट काढण्यापुरती. अप्पांची सगळी शाळा उर्दूतनं झालेली. डॉक्टरचं बोलणं नवऱ्याला निम्मं कळलं असेल, तर ते अप्पांनीच रेल्वेत समजावून दिलं असणार. पण हे त्याच्या ध्यानात येईना. आम्ही सगळे ओसरीवर जाऊन अप्पांना गॅस झालाय म्हणायला लागलो. अप्पा गंभीर चेहरा करून म्हणायचे, "व्हय, गॅस लई वाईट."

कॅन्सर झाल्याचं गावाला दुसऱ्या दिवशी कळलं आणि तिसऱ्या दिवसापासून औषधं यायला लागली. सोयऱ्यांपैकी एकानं काळ्या दोऱ्यात मुळी ओवून उजव्या दंडाला बांधली. दुसरा आला, त्यानं डाव्या दंडाला. बीदरहून हकीम आले. त्यांनी नाडी धरून डोळे मिटले ते इतका वेळ, की अक्कांना वाटलं, झोपलेच. त्यांनी दिलेला खमीरा, म्हणजे औषधी चाटण, अप्पांना पसंत पडला, कारण तो गोड होता. शाळेचे मास्तर साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या घेऊन आले आणि म्हणाले, घरात कांदा, लसूण, हिंग नको, वासानं गोळ्यांचा गुण जातो. मास्तर कोपऱ्यावर दिसले, की अप्पा ओसरीवरनं मोठ्यानं खोकायचे आणि मी आत कांद्यावर टोपलं उपडं घालायची. मास्तर नाक वर करून हुंगायचे. अप्पा म्हणायचे, "शेजारच्याकडनं यायलाय वास."

या सगळ्यांत एकच माणूस मला पटला. ते दोन कोसांवरच्या गावचे वैद्य. तट्टावर बसून यायचे, तट्टू त्यांच्याहून म्हातारं. अप्पांना तपासून झाल्यावर ते चुलीपाशी आले आणि मला म्हणाले, "पोरी, ही गाठ माझ्या औषधानं जायची न्हाई. जाईल म्हणणारा कुणी आला तर त्याला पाणी पाज आणि वाटंला लाव. पण तोंडाची चव, झोप, पोट साफ होणं, अंगाची आग, एवढं माझ्या हातात हाय. लई दुखायलं तर हैदराबादच्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या दे. त्यात माझा अपमान न्हाई."

त्यांनी जेवणाआधी आल्याचा पातळ काप सैंधव लावून चघळायला दिला. साळीच्या लाह्यांचं पाणी, डाळिंबाचा रस, मऊ भातावर तूप, जेवढं जाईल तेवढंच, बळजबरी नको. संध्याकाळी तळपायाला कोमट तिळाचं तेल. तेल चोळायचं काम नवऱ्याकडं होतं. त्या आठवड्यात अप्पा बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले. मला औषधातलं काही कळत नाही, पण झोपलेला माणूस कळतो.

आमच्या घरच्यांना मात्र एवढ्यावर चैन पडेना. आणि मग ते सोडणं सुरू झालं.

आमच्या भागात घरचं माणूस फार आजारी पडलं, की बाकीच्यांनी त्याच्यासाठी खाण्यातला एखादा जिन्नस सोडायचा. तो बरा होईपर्यंत तोंडात घालायचा नाही. बरा झाला, की त्याच्याच हातनं तो जिन्नस खायचा, मग सोडलेलं सुटलं. बरा झाला नाही तर काय, हे कुणी विचारायचं नसतं. विचारणं अशुभ.

पहिल्यांदा माझ्या नवऱ्यानं तिखट सोडलं. देवळीसमोर उभा राहून हात जोडून सोडलं, माझ्याकडं न बघता. भीमेकाठची बायको केलेल्या माणसानं तिखट सोडावं! मग धाकट्या दिराची पाळी आली. त्यानं कारलं सोडलं. त्याला कारलं बघितलं तरी मळमळायचं, हे गावातल्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं. अक्का त्याच्यावर कडाडल्या, "देवाला येडं समजायलास काय रे? आवडीचं सोड!" मग त्यानं मान खाली घालून चहा सोडला. चहा नवा आला होता गावात, आणि दीर दिवसातनं चारदा प्यायचा. त्यानंतर तो सकाळभर भिंतीला टेकून बसायचा, आणि काही विचारलं तर "अं?" म्हणायचा.

हुमनाबादहून नणंद आली. ती ज्वारीची भाकरी सोडून आली होती. माहेरपणाला आलेल्या लेकीला रोज गव्हाची पोळी करून घाला! आमच्या सालगड्यानं तंबाखू सोडली आणि तो बैलांशी भांडायला लागला. शेजारी चाचा राहायचे, कपडे शिवायचे. ॲक्शनच्या वाईट दिवसांत अप्पांनी त्यांचं सगळं कुटुंब आमच्या घरात आणून ठेवलं होतं. त्यांनी पान सोडलं. त्यांचे लाल ओठ हळूहळू पांढरे पडत गेले आणि गावातली लहान पोरं त्यांना ओळखेनात.

अक्कांनी मीठ सोडलं. मी म्हटलं, "अक्का, ह्या वयात मीठ सोडू नका, चक्कर येईल." त्या म्हणाल्या, "तू काय सोडलीस ते सांग आधी."

मी म्हटलं, "मी सोडलं असतं, पण मग चाखून कोण बघायचं?"

माझं हे बोलणं घरात कुणाला आवडलं नाही. पण चुलीपुढं बसून बघा म्हणावं. एक आमटी तिखट नसलेली, एक मीठ नसलेली, नणंदेची पोळी, बाकीच्यांची भाकरी, अप्पांचा मऊ भात वेगळा. एवढ्या भांड्यांत मी रोज फिरत होते. कुणाचं पातेलं कुठलं हे लक्षात राहावं म्हणून झाकणांवर खडे ठेवायची. आणि घरातलं एकेक माणूस उपाशी म्हशीगत तोंड करून फिरायचं. माझा राग रोगावर नव्हता, तो कुणाच्या हातातला नव्हता. माझा राग ह्या झाकणांवर होता.

एक दिवस वैद्य जेवायला थांबले आणि घाईत मी त्यांना अक्कांची आमटी वाढली. पानातलं संपवायचं हा त्यांचा नेम. ते शांतपणे सगळी आमटी जेवले, हात धुतले आणि मग हळूच मला विचारलं, "मीठ मिळंना झालंय काय बाजारात?" मी कपाळावर हात मारला आणि सगळी कहाणी सांगितली. ते म्हणाले, "रोग्याला पथ्य मी सांगितलं. ह्यांना कुणी सांगितलं?" आणि हसत हसत तट्टावर चढले.

अप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. ते ओसरीवर पडून असायचे, आम्ही आत जेवायचो. त्यांना आता दोन घासांच्या वर जात नव्हतं. पण जिभेचा शौक डोळ्यांत आणि नाकात उतरला होता. फोडणी बसली, की ते बाहेरनं विचारायचे, "लसूण का?" एके दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मला खाता येत न्हाई, ते जाऊ दे. तुम्ही सगळे माझ्यासमोर बसून जेवा. पोटभर जेवणारं माणूस बघावं असं वाटायलंय बघ. तेवढं कर."

मला पुढचं दिसत होतं. पण नाही कशी म्हणणार? दुपारी ओसरीवर पंगत मांडली. अप्पा उशाला टेकून बसले, डोळ्यांत चमक. मी वाढलं.

नवऱ्यानं पिवळी फिकट आमटी भुरकली आणि डोळे मिटून गिळली. अक्का मीठ नसलेला भात एकेक शीत मोजत असल्यासारख्या जेवत होत्या. नणंद पोळी मोडत होती आणि शेजारच्या ताटातल्या भाकरीकडं बघत होती. दीर तर जेवता जेवताच पेंगला. अप्पा एकाकडनं दुसऱ्याकडं बघत गेले. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"काय झालंय रे तुमाला?" ते म्हणाले. "गॅस मला झालाय का तुमाला?"

मग ते माझ्याकडं वळले. खोटं बोलायला मला वेळ लागतो, तेवढ्यात खरं बाहेर पडतं. मी सांगून टाकलं.

अप्पा चिडले. आजारात पहिल्यांदाच. आवाज फुटत नव्हता, तरी ओरडले, "कुणी सांगितलं तुमाला? मी मरायलोय, मी! तुम्ही कामून मरायलाव?"

"तुला गॅस..." अक्का म्हणाल्या.

"कॅन्सर झालाय! डॉक्टरनं माझ्यासमोर सांगितलाय!" अप्पा म्हणाले. नवरा खाली बघायला लागला. पंगत तशीच उठली.

संध्याकाळी मी लाह्यांचं पाणी घेऊन गेले, तेव्हा अप्पा शांत झाले होते. मला बस म्हणाले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं, एवढी वर्षं त्या घरात राहून.

अक्का गूळ खात नसत, हे मी बघितलं होतं. संक्रांतीला सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायच्या आणि स्वतः नुसते तीळ तोंडात टाकायच्या. मला वाटायचं, सोसत नसेल. अप्पा म्हणाले, अक्कांच्या नवऱ्याला पटकी झाली, तेव्हा अक्कांनी गूळ सोडला. लहान होत्या त्या, गुळाचा खडा चोरून ओच्यात ठेवायचं वय. नवरा वाचला नाही. मग सोडलेला गूळ सोडवणार कोण?

"आमच्याच मळ्यात गुऱ्हाळ लागायचं," अप्पा म्हणाले. "सगळ्या गावाला वास. मी काकवी पीत बसलेलो असायचा आणि ही दाराआड उभी. जलमभर बघितलोय मी ते. आता ही सगळी तसंच करणार? हा तिखट न खाता मरणार? ती पोरगी भाकरी न खाता? माझ्या नावानं?" त्यांनी माझा हात धरला. सासऱ्यानं सुनेचा हात धरायची आमच्याकडं रीत नाही. "पोरी, मला बरं व्हायला पाहिजे. चार दिवस का होईना, बरं व्हायला पाहिजे. ह्यांचं सोडवून मग जातो."

मला रडू आलं. मी पाण्याचं भांडं उचलून आत गेले.

पुढच्या खेपेला वैद्य आले तेव्हा अप्पांनी मलाही थांबवून घेतलं आणि वैद्यांना सांगितलं, "वेळ अमावस्येला शेतात जेवायला या. आणि सगळ्यांसमोर सांगा, मी बरा झालो म्हणून."

वैद्य म्हणाले, "मी खोटं बोलत न्हाई."

"एवढंसं."

"एवढंसं पण न्हाई. आज तुमच्यासाठी बोललो, उद्या माझ्या खऱ्यावर कोण इस्वास ठिवंल?"

अप्पांनी कूस बदलली. मग म्हणाले, "बरं. खरं बोलू नका एवढं तर जमंल?"

वैद्यांनी दाढी खाजवली. "बघू," म्हणाले.

वेळ अमावस्या म्हणजे आमच्याकडचा दिवाळीहून मोठा सण. मार्गशीर्षातली अमावस्या, ज्वारी पोटरीला आलेली. गावात त्या दिवशी कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे आपापल्या शेतात, कडब्याच्या कोपीत पूजा, आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं. मी आदल्या दिवसापासून चुलीपुढं होते. भज्जी, म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा, पालेभाज्या असं शेतातलं सगळं ताजं एकत्र शिजवून केलेली घट्ट भाजी. बाजरीचे उंडे. मडक्यात आंबवलेली आंबील. शेंगाच्या पोळ्या, गूळ घालून. आणि अप्पांच्या हुकमानं एक जास्तीचा पदार्थ, तळलेलं कारलं. "ते कशाला?" मी विचारलं. "लागंल," म्हणाले.

अप्पांना गाडीत पेंढ्यावर वाकळ घालून नेलं. सालगडी बैलांना शिव्या देत गाडी हाकत होता. शेतात पोचल्यावर त्यांना कोपीच्या सावलीला बसवलं. चाचा आले. वैद्यांचं तट्टू हळूहळू येऊन पोचलं. पूजा झाली, पानं वाढली, आणि सगळे आपापलं सोडलेलं बाजूला सारून बसले.

अप्पा म्हणाले, "ऐका. मी बरा झालोय."

सावलीला बसलेला, हाडं मोजून घ्यावीत असा माणूस. दिरानं वैद्यांकडं बघितलं. "वैद्यबुवा, खरं काय?"

वैद्यांच्या हातात बाजरीचा उंडा होता. उंडा म्हणजे मुठीएवढा असतो, चार घासांत खायचा. त्यांनी तो एका घासात तोंडात कोंबला. गाल फुगले, डोळे बाहेर आले.

"वैद्यबुवा?" नवऱ्यानं विचारलं.

वैद्यांनी वरनं भज्जी भरली.

"अजी, बोलो तो सही," चाचा म्हणाले.

वैद्यांनी हातानं आंबिलीच्या मडक्याकडं खूण केली. मी तांब्या भरून दिला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि खाली ठेवायचं नावच घेईनात. इतका वेळ आंबील पिताना मी माणूस बघितलेला नाही. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याच्या घाटीकडं बघत होतो.

"बघा," अप्पा म्हणाले. "वैद्य न्हाई म्हणलाय का? न्हाई म्हणला न्हाई. मग झालं तर!"

खरं सांगायचं तर, कुणालाच खरं वाटलं नाही. पण खोटं म्हणायला कुणी तयार नव्हतं, आणि समोर भज्जी होती.

अप्पांनी पहिल्यांदा माझ्या नवऱ्याला बोलावलं. माझ्या ठेच्याचा गोळा भाकरीच्या तुकड्यावर घेऊन त्याच्या तोंडात घातला. सवय मोडलेली, त्याला ठसका लागला, नाकाडोळ्यांतनं पाणी. तो मग बराच वेळ डोळे पुसत होता, ठेच्याचं पाणी संपून गेल्यावरही. नणंदेला भाकरी दिली. ती एका घासावर थांबेना, अख्खी भाकरी हातात घेऊन उभ्यानंच खायला लागली. सालगड्याच्या तळहातावर चिमूटभर तंबाखू ठेवली. त्यानं ती ओठात धरली आणि पहिलं काम काय केलं, तर जाऊन बैलांच्या पाठीवरनं हात फिरवला. चाचांनी अप्पांच्या हातनं पान खाल्लं आणि "अल्हमदुलिल्लाह" म्हणाले, मग तोंड भरलं म्हणून पुढचं बोलता येईना.

दिरासाठी मी तीन दगडांवर चहा केला होता. अप्पांनी बशीत ओतून पाजला. तो डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि उठायला लागला.

"बस," अप्पा म्हणाले. "कारलं पण सोडला होतास की."

"ते अक्कानं कुठं मान्य केलंय?"

"सोडलं म्हणजे सोडलं. सोडवायला नको? देवाचं काम हाय." आणि त्यांनी कारल्याची फोड त्याच्या तोंडात घातली. दिराचं तोंड बघून अप्पा जे हसले, ते मला अजून ऐकू येतं. हसता हसता त्यांनी पोट दाबून धरलं. वैद्य उठायला लागले तर त्यांना हातानंच बस म्हणाले.

मग अक्कांची पाळी. अप्पांनी भज्जीच्या घासावर मीठ भुरभुरवलं आणि बहिणीला भरवलं. अक्का नीट खाऊन उठायला लागल्या. अप्पांनी त्यांचा पदर धरला आणि दुसऱ्या हातानं शेंगाची पोळी उचलली.

अक्कांना समजलं. त्या मागं सरल्या. "ते तुझ्यासाठी न्हाई सोडलेलं."

"ठाव हाय."

"ज्याच्यासाठी सोडलं त्याच्या हातनं पाहिजे. तुझ्या हातनं कसं सुटंल?"

अप्पांना दम लागला होता. थोडं थांबून ते म्हणाले, "त्यो जिथं गेलाय तिथंच जायलोय की मी. भेटल्याबरुबर सांगतो त्याला, तुझ्या वाटंचं मी सोडवून आलोय म्हणून. त्यो न्हाई म्हणायचा न्हाई. भला माणूस हुता."

"आत्ता तर बरा झालास म्हणलास!" अक्का म्हणाल्या.

"व्हय," अप्पा म्हणाले. "आ कर."

म्हातारीनं लहान पोरीसारखं तोंड उघडलं. पोळीचा चुरा अक्कांच्या हनुवटीवर सांडला. अक्कांनी डोळे मिटले आणि चावायला लागल्या. दात फारसे नव्हते, खूप वेळ चावत राहिल्या. मला वाटलं, आता त्या रडतील, आणि मग आम्ही सगळेच.

अक्कांनी घास गिळला, पदरानं हनुवटी पुसली आणि माझ्याकडं वळल्या.

"गूळ लई घातलीस ग," म्हणाल्या. "आण अजून एक, बघू."